स्टोव्हचा भडका आणि रजिस्टरमधली एक ओळ

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. एका रात्री अडीचच्या सुमारास जीपमधून भाजलेली एक बाई आली. वय बावीस-तेवीस. सोबत सासू आणि दीर. कसं झालं म्हणून विचारलं तर दीर म्हणाला, "स्टोव्हचा भडका उडाला जी." मी एमएलसी रजिस्टरमध्ये तेच लिहिलं, सलाईन लावलं आणि तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. बाई पूर्ण शुद्धीवर होती, पाणी मागत होती. तिला स्वतःला मी एका शब्दानंही विचारलं नाही. रात्री अडीच वाजता स्टोव्ह कशासाठी पेटवला असेल, हा प्रश्न मला पडला तो दुसऱ्या दिवशी चहा पिताना.

तिसऱ्या दिवशी ती गेली. पुढे पोलिसांचे कागद पाहण्यात आले, तेव्हा माझी ती ओळ जशीच्या तशी पंचनाम्यात उतरलेली दिसली. "दवाखान्यातील नोंदीप्रमाणे स्टोव्हचा भडका उडून." सासरच्यांचं म्हणणं, डॉक्टरची नोंद आणि पोलिसांचा निष्कर्ष, असे तीन पुरावे तिथे उभे होते. खरं तर ते एकच वाक्य तीनदा लिहिलेलं होतं.

हे आज लिहायचं कारण असं की, मध्यंतरी ओपीडीत एका आईनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, ठाण्यात म्हणतात पुरावा नाही. पोरीच्या अंगावरचे वळ हा पुरावा नाही का?" त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येईना. घरातल्या मारहाणीचा तपास आज जसा होतो तसा का होतो, यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात पोलिसांइतकेच आम्ही डॉक्टरही आहोत.

सुरुवात आपल्या बुलढाण्यापासूनच करू. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. त्यांची मुलगी ताराबाई. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी लिहिलेलं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. त्या खटल्यात कोर्टापुढे उभी राहिली ती एकटी विजयालक्ष्मी, मुलाचा बाप कुठेच नव्हता. ताराबाईंचा राग नेमका याच गोष्टीवर आहे. घरात बायकोला पुरुष कसे वागवतात, हेही त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता लिहिलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण एकूण समाजानं पुस्तक जवळजवळ विसरूनच टाकलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे ते लोकांपुढे आलं. आपल्या जिल्ह्याच्या गावी वाढलेला हा विचार नव्वद वर्षं धूळ खात होता, हे मला अजून खटकतं.

ताराबाईंच्या काळी नवऱ्यानं बायकोला मारलं तर पोलीस काय करू शकत होते? भारतीय दंड संहिता १८६२ पासून लागू होती. मारहाण हा तिच्यात गुन्हा होताच, आणि नवऱ्याला त्यातून सूटही नव्हती. पण साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा होता. अदखलपात्र म्हणजे ज्याला आपण बोली भाषेत 'एन.सी.' म्हणतो ती नोंद. ठाण्यात वहीत लिहून घेतात, समज देतात, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. हाड मोडलं, दात पडला, शस्त्र वापरलं तर गोष्ट वेगळी. साध्या मारहाणीला मात्र एन.सी.च. म्हणजे ठाण्यातला हवालदार "आपसात मिटवा" म्हणतो तेव्हा त्यात त्याची वृत्ती असतेच, पण त्याच्या हातात कायद्यानं दिलेली वहीही तशीच असते. आजच्या नव्या कायद्यातही साधी दुखापत अदखलपात्रच आहे.

परिणाम असा झाला की, घरातल्या छळाचा खराखुरा तपास सुरू व्हायचा तो बाई मेल्यावर. विहिरीत प्रेत सापडलं की पोलीस पाटील वर्दी देणार, ठाण्यात मर्ग दाखल होणार, पंच गोळा होणार, इन्क्वेस्ट पंचनामा होणार. पंच गावातलेच, बहुधा सासरच्या उठबशीतले. "पाणी काढताना पाय घसरला" असं चौघांनी सांगितलं की कागद पुरा. त्याआधीच्या पाच-सात वर्षांत ती बाई दवाखान्यात कितीदा आली, कोणत्या जखमा घेऊन आली, हे त्या कागदात येत नसे, कारण ते विचारायची सोयच नव्हती.

विहिरीनंतर स्टोव्ह आला. रॉकेलचा वातीचा किंवा पंपाचा स्टोव्ह घरोघरी झाला आणि १९७०-८० च्या दशकांत जळीत वॉर्ड तरुण बायकांनी भरू लागले. साड्या पेट घेतात, स्टोव्ह खरोखर भडकतात, अपघात होतात, हे मला मान्य आहे. पण २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या जळीत मृत्यूंचा एक अभ्यास आला. त्याच्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात देशात १ लाख ६३ हजारांहून जास्त माणसं जळून मेली आणि त्यांतल्या सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. तरुण पुरुषामागे तरुण स्त्रिया तिप्पट. पोलिसांच्या नोंदींपेक्षा हा आकडा सहापट होता. स्वयंपाक पन्नाशीच्या बायकाही करतात. मग स्टोव्ह नेमका सुनेच्याच वयाला इतका का भडकतो, याचं उत्तर स्टोव्हच्या तंत्रात सापडणार नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात तोंड फुटलं ते दोन प्रकरणांनी. पहिलं विदर्भातलं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात 'मथुरा' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं आणि त्याविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. ते प्रकरण घरातल्या हिंसेचं नव्हतं, पण ठाण्यात गेलेल्या बाईचं काय होतं याकडे लोकांचं लक्ष त्यानं वळवलं. दुसरं प्रकरण पुण्यातलं, मंजुश्री सारडा यांचं. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न, जूनमध्ये मृत्यू. शवविच्छेदनात पोटॅशियम सायनाइड. पुण्याच्या कोर्टानं पतीला फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांची निर्दोष सुटका केली. विष कुणी दिलं की तिनं स्वतः घेतलं, याबद्दल शंका उरते, आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. परिस्थितिजन्य पुरावा कसा तोलायचा याची त्या निकालातली पाच सूत्रं आजही देशभरच्या कोर्टांत सांगितली जातात.

मला त्या खटल्यातली पत्रं महत्त्वाची वाटतात. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, त्यांत सासरचं दुःख होतं. कोर्टानं ती वाचली, त्यांचा कीस काढला. पण चार महिन्यांच्या त्या संसारात काय चाललं होतं हे सांगणारं दुसरं फारसं काही नव्हतं, आणि छळ हा तेव्हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. जिवंतपणी ठाण्यात जावं तर एन.सी., आणि मेल्यावर प्रश्न एवढाच की खून झाला की नाही.

ही पोकळी संसदेनं डिसेंबर १९८३ मध्ये भरली. कलम ४९८-अ आलं. पती किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा दखलपात्र गुन्हा झाला, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासाला जाता येऊ लागलं. इथे एक गैरसमज दूर करतो. हे कलम फक्त हुंड्यासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बाईच्या जिवाला किंवा शरीराच्या-मनाच्या आरोग्याला गंभीर धोका होईल असं वागणं, एवढंही पुरतं, पैशाची मागणी नसली तरी. त्याच दुरुस्तीनं पंचनाम्याचे नियमही बदलले. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद वाटला, तर शवविच्छेदन करावंच लागतं आणि चौकशी मॅजिस्ट्रेटनं करायची असते. म्हणूनच अशा वेळी नायब तहसीलदार किंवा तहसीलदार आलेले दिसतात. माहेरच्या नातेवाइकानं मागणी केली तरी शवविच्छेदन करावंच लागतं. लेक गेल्याच्या धक्क्यात ही मागणी करायची असते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब हे कलम आलं. सात वर्षांच्या आतला अनैसर्गिक मृत्यू आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी झालेला छळ, एवढं सिद्ध झालं की पुढचं ओझं आरोपीवर जातं.

पण छळ सिद्ध करायचा कशानं? इथे डॉक्टर पुन्हा चित्रात येतो, आणि जळीत पेशंटच्या बाबतीत तर अगदी पहिल्या तासात.

नव्वद टक्के भाजलेला माणूस पहिले काही तास स्वच्छ बोलू शकतो, हे नातेवाइकांना खरं वाटत नाही. खोल भाजलं की त्वचेतल्या वेदनेच्या नसाच जळून जातात, त्यामुळे दुखणं उलट कमी असतं. मेंदू शाबूत असतो. शॉक, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडं बंद पडणं हे नंतरचं. म्हणजे खरं सांगता येण्याची वेळ अगदी सुरुवातीची असते, आणि नेमक्या त्याच वेळी उशाशी सासरची माणसं उभी असतात. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून मृत्युपूर्व जबाब हा पुरावा धरला जातो. तो मॅजिस्ट्रेटनंच घ्यावा अशी सक्ती नाही. डॉक्टरला सांगितलेलं, आईला सांगितलेलं, चिठ्ठीत लिहिलेलंही चालतं. इंग्लंडात असा जबाब देणाऱ्याला आपण मरणार याची जाणीव असावी लागे. आपल्या कायद्यानं ती अट कधीच घातली नाही.

तरी डॉक्टरच्या एका शिक्क्यावरून खटले अडत. "पेशंट जबाब देण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम आहे" असं लिहिलं नाही म्हणून जबाबच बाद. यावर दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध गेले आणि शेवटी महाराष्ट्रातूनच गेलेल्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००२ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ठरवलं की, जबाब घेणाऱ्याची पेशंटच्या शुद्धीबद्दल खात्री असेल तर केवळ डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही म्हणून जबाब टाकून देता येणार नाही. हे योग्यच झालं. पण माझ्यासारख्या डॉक्टरनं यातून सुटकेचा निःश्वास टाकू नये. किती वाजता, खोलीत कोण होतं, आधी मॉर्फिनसारखं औषध दिलं होतं का, आणि तिचे शब्द काय, हे लिहिलेलं असलं तर तो जबाब कोर्टात टिकतो. खोलीतून बाकीच्यांना बाहेर काढणं, एवढं एक काम त्या रात्री मी केलं असतं तर?

मेल्यानंतरचा तपास सुधारत होता, तसा जिवंतपणीचाही सुधारावा म्हणून दोन प्रयोग मुंबईत झाले. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती ठाण्याच्या आवारातच बसणार, बाईचं ऐकणार, आणि तिचं म्हणणं पोलिसांना कामी येईल असं कागदावर आणणार. साधी कल्पना, पण ठाण्यात पहिल्यांदाच तिच्या बाजूचं कुणीतरी बसलेलं होतं. पुढे सरकारनं हे कक्ष राज्यभर नेले. दुसरा प्रयोग २००० सालचा. 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिकेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र काढलं. त्यामागचा विचार डॉक्टरांच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. मार खाल्लेली बाई ठाण्यात जाईल न जाईल, दवाखान्यात येतेच. "पडले", "चुकून फिनेल प्यायले", "डोकं दुखतं, झोप येत नाही" अशा तक्रारी घेऊन येते, आणि आम्ही गोळ्या देऊन पाठवतो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो दिवाणी स्वरूपाचा आहे, त्यात घरात राहण्याचा हक्क, खर्च, संरक्षणाचा आदेश मिळतो. त्याच्या नियमांतला सतरावा नियम मी स्वतः पुष्कळ उशिरा वाचला. पोलिसांत किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे आधी नोंद केली नाही म्हणून दवाखान्यानं अशा बाईला उपचार नाकारायचे नाहीत. घटनेचा अहवाल कुणी केलेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. किती दवाखान्यांत हे होतं, ते तुम्हीच आठवून पाहा.

अटकेबद्दल थोडं. ४९८-अ मध्ये अख्ख्या कुटुंबाला उचलून आत टाकण्याचे प्रकार झाले, हेही खरं. २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटक आपोआप करू नये, तिची कारणं लिहावीत, आधी नोटीस द्यावी. निकाल अटकेपुरता होता, पण व्यवहारात कधीकधी "अटक नाही" चं "तपास नाही" होऊन बसतं. खोटी तक्रार ओळखायलाही तपासच लागतो. वेळच्या वेळी केलेली वैद्यकीय नोंद जशी पीडितेच्या कामी येते तशीच निरपराध दिराच्याही. आपल्याकडच्या मुली लग्न होऊन पुणे, सुरत, संभाजीनगरला जातात आणि मार खाऊन चिखली-मेहकरला माहेरी येतात. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे स्पष्ट आहे की, आसरा घेतला त्या गावीही ४९८-अ चा गुन्हा दाखल होऊ शकतो. "तिकडच्या ठाण्यात जा" हे उत्तर चालत नाही.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले. छळाचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६, हुंडाबळीचं ८०. आशय जवळपास तोच. नवीन म्हणजे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे (राज्यांना यासाठी मुदत दिली आहे), आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. हुंडाबळी यात बसतो. छळाच्या कलमाला शिक्षा तीन वर्षांपर्यंतच, म्हणून तज्ज्ञाच्या भेटीची सक्ती तिथे नाही. पुन्हा तेच, मेल्यावर शास्त्र येणार.

म्हणून जिवंतपणीचं शास्त्र आमच्यावर येतं. त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. वळ हा पुरावा आहे, पण तो पुसला जाणारा आहे. वळाच्या रंगावरून तो नेमका किती दिवसांचा हे सांगता येत नाही. पिवळसर झाला असेल तर साधारण अठरा तासांच्या आतला नाही, एवढंच. म्हणून लवकर दाखवा आणि फोटो काढून ठेवा. गळा दाबला असेल तर ते डॉक्टरला वेगळं सांगा. कित्येकदा बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, ही लक्षणं आम्ही शोधतो. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढे जोडीदाराकडून खून होण्याचा धोका सुमारे सातपट आढळला. भाजलं असेल तर कपडे फेकू नका, धुऊ तर नकाच. रॉकेल कपड्यांतच सापडतं.

त्या आईनं मग मुलीला आणलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "पायरीवरून पडली जी," मुलगी म्हणाली. डावा हात सुजलेला. एक्स-रेत करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेलं. पडताना हात टेकला तर बहुतेक वेळा मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. मधलं हे हाड मोडतं ते डोक्यावर येणारा घाव हातावर घेतला की. मी आईलाही बाहेर बसवलं आणि विचारलं. काठी होती.

हाड मोडलं म्हणजे कायद्यानं ती गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा. केसपेपरवर तिचेच शब्द अवतरणात लिहिले, कुणी मारलं, कशानं, कधी. वेळ टाकली, ठाण्याला वर्दी गेली. ११२ आणि १८१ हे नंबर, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो हे सांगितलं. प्रत दिली तेव्हा तिनं ती घडी करून आईकडे सरकवली.

"तू ठेव माय," म्हणाली. "घरी नेली तर चुलीत जाईल."